टर्बो हॅचबॅकला बाहेरचा इनटेक: आयडल हलायचं कसं थांबलं

कोन फिल्टरचा इनटेक (इंजिनाला हवा पुरवणारा पाइप आणि फिल्टर) बसवल्यावर आयडल, म्हणजे गाडी उभी असताना इंजिनचं मंद फिरणं, हलू लागलं आणि चेक इंजिनचा दिवा लागला. कोड पी०१७१, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी. एअर फ्लो सेन्सर (आत जाणारी हवा मोजणारा) असलेल्या गाडीत पहिला संशय सेन्सर ते टर्बो या पाइपावर घ्यावा. तिथून आत ओढली जाणारी हवा सेन्सर मोजतच नाही, म्हणून ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, पेट्रोल कमी सोडतो.

बॅटरीची निगेटिव्ह तार काढून पाइप उतरवला. क्रँककेस ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ इनटेकमध्ये परत नेणाऱ्या) नळीचं रबर ग्रोमेट, म्हणजे भोकातलं रबरी कडं, अर्धंच बसलं होतं. बोटाला जरासा साबण लावून ते पूर्ण आत दाबलं. सिलिकॉन जोड पाइपावर निदान २५ मिमी चढवला, क्लॅम्प कडेपासून ५ मिमी आत घेतला. क्लॅम्प फार आवळू नका, सिलिकॉन कापलं जातं. सेन्सरची जागा मूळ पाइपाएवढ्याच आतल्या व्यासाची हवी आणि सेन्सरवरचा बाण टर्बोकडे. व्यास बदलला की रीडिंगच खोटं, मग जोड कितीही घट्ट असोत.

कॉटन फिल्टर धुतल्यावर पूर्ण वाळू द्या, तेल बेतानंच. जादा तेल सेन्सरच्या तारेवर बसतं. पुण्याच्या धुळीत तो लवकर तपासलेला बरा.

हीट शील्ड, म्हणजे फिल्टरला इंजिनच्या उष्णतेपासून आड करणारा पत्रा, वगळू नका. विद्यापीठ चौकातल्या ट्रॅफिकमध्ये उघडा फिल्टर बॉनेटखालची तापलेली हवाच ओढतो. बंपरमागे खाली बसणारा फिल्टर मी घेतलाच नाही. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यात तो बुडाला तर पाणी सिलिंडरमध्ये शिरून कनेक्टिंग रॉड वाकतो.