मायक्रो-एक्सआरएफ सेटअप बांधताय? या चुका टाळा

मायक्रो-एक्सआरएफमध्ये एक्स-रेचा बारीक झोत सॅम्पलवर सोडतात आणि सॅम्पलमधून परत निघणाऱ्या एक्स-रेच्या एनर्जीवरून त्यातली मूलद्रव्यं ओळखतात. एक्स-रे ट्यूबचा करंट वाढवला की ट्रेस एलिमेंट (अगदी कमी प्रमाणातली मूलद्रव्यं) आपोआप दिसायला लागतील असं बऱ्याच जणांना वाटतं आणि सगळा पैसा तिथेच जातो. डिटेक्शन लिमिट, म्हणजे ओळखता येणारं सर्वांत कमी प्रमाण, हे बॅकग्राउंडच्या वर्गमुळाची तिप्पट भागिले सेन्सिटिव्हिटी (ठरावीक प्रमाणामागे मिळणारा सिग्नल) इतकं असतं, त्यामुळे करंट दुप्पट केला तर बॅकग्राउंडही दुप्पट होतं आणि लिमिट जेमतेम ३० टक्के सुधारते. आधी बॅकग्राउंड कमी करा.

म्हणून पहिलं काम ब्लँकचं, म्हणजे शोधायची मूलद्रव्यं नसलेल्या तुकड्याचं. शुद्ध ग्रॅफाइट नाहीतर ॲक्रिलिकचा तुकडा ठेवा आणि सॅम्पलला देणार तेवढाच वेळ स्पेक्ट्रम घ्या. ८.०५ केईव्हीला (केईव्ही हे एक्स-रेच्या एनर्जीचं एकक) कॉपर, ८.६४ ला झिंक दिसलं की समजायचं, बीमच्या वाटेत कुठेतरी पितळ आहे, बहुतेक वेळा कोलिमेटर (झोत अरुंद करणारा भाग) किंवा एखादा स्क्रू. मग लोक ॲल्युमिनियम लावतात, पण ६०६१ या नेहमीच्या ॲल्युमिनियम मिश्रधातूमध्येही कॉपर आणि आयर्न असतंच! डिटेक्टरला दिसणारा भाग शुद्ध ॲल्युमिनियमचा किंवा प्लास्टिकचा ठेवा. २.९६ ची आर्गॉनची लाइन मात्र हवेतून येते, तिथे हेलियम सोडा.

पॉलिकॅपिलरीचा (एक्स-रे एका बिंदूवर आणणाऱ्या बारीक काचनळ्यांच्या जुडग्याचा) स्पॉट एकाच तारेवर मोजून कागदावर आकडा लिहून टाकणं ही फार कॉमन चूक. काचेचा क्रिटिकल अँगल (ज्या कोनापर्यंत एक्स-रे काचेवरून परावर्तित होतात तो) साधारण ३० भागिले केईव्ही इतके मिलिरेडियन, म्हणजे एनर्जी कमी झाली की स्पॉट मोठा. फोकल डिस्टन्स १० मिमी असेल तर १७.४ केईव्हीला अंदाजे २० मायक्रॉन आणि ८ केईव्हीला त्याच्या दुपटीहून जास्त. टायटॅनियम आणि झिर्कोनियम, दोन्ही तारांवरून स्कॅन घ्या. हाय एनर्जीला काचेतून आरपार गेलेल्या एक्स-रेचा हॅलोही (स्पॉटभोवतीचं फिकट वलय) स्कॅनच्या कडेला दिसेल, मॅपवर उगाच कॉन्टामिनेशन शोधत बसू नका.

अलाइनमेंट ट्यूब नीट तापल्यावरच करा, थंड ट्यूबवर जुळवलेला फोकस नंतर सरकतो. शटर उघडं ठेवून हात घालून स्क्रू फिरवायचा नाही, कधीच नाही, मोटराइज्ड स्टेज आणि इंटरलॉक पाहिजेच, आणि भारतात असाल तर एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या) परवानगीचं काम सुरुवातीलाच घ्या.

आर्सेनिक शोधताय तर १०.५४ वर विसंबू नका, लेडची लाइन १०.५५ ला बसलेली असते आणि कितीही चांगला एसडीडी (सिलिकॉन ड्रिफ्ट डिटेक्टर) घेतला तरी त्या दोन वेगळ्या होत नाहीत. आर्सेनिक ११.७३ वर बघा, लेड १२.६१ वर, आणि सॅम्पलमध्ये आयर्न भरपूर असेल तर काउंट रेट कमी करा, कारण आयर्नचा सम पीक (दोन एक्स-रे एकदम आल्याने बेरजेच्या एनर्जीला दिसणारा पीक) १२.८ ला येऊन त्याच लेडला चिकटतो.