जुन्या स्प्लेंडरचे हाफ इंजिन घरी बांधताना

किक पायाला हलकी लागू लागली, साध्या चढावर चौथ्या गिअरमध्ये गाडी दम टाकू लागली आणि दर पंधरा दिवसांनी ऑइलची पातळी पट्टीच्या खालच्या खुणेखाली जाऊ लागली, की आपल्याकडे मेकॅनिक ‘इंजिन काम आले’ एवढेच सांगतो. ते काम हाफ इंजिनचे आहे की फुल इंजिनचे, म्हणजे हेड, ब्लॉक आणि पिस्टनपुरते आहे की क्रँकपर्यंत जावे लागणार आहे, हे मात्र गाडी उघडण्याआधी आपले आपण ठरवता येते. हिरो होंडाची 1985 साली आलेली सीडी 100 आणि 1994 सालची स्प्लेंडर या दोन्हींत 97.2 सीसीचे, आडव्या सिलिंडरचे इंजिन आहे आणि विदर्भातील खेड्यांत त्या अजूनही दुधाच्या कॅना, फवारणीचे पंप आणि सोयाबीनची पोती वाहत आहेत. पुढील विवेचन याच इंजिनाला धरून केले आहे.

कामासाठी तूर-हरभरा घरात आल्यानंतरचे आणि मृगाच्या आधीचे दिवस निवडावेत, कारण डवरणीच्या, म्हणजे उभ्या पिकातील तण काढण्याच्या, दिवसांत गाडी आठवडाभर उभी ठेवणे परवडत नाही. या दिवसांत वावटळी उठतात आणि काळ्या मातीची बारीक धूळ उघड्या इंजिनावर बसते, म्हणून अंगणात किंवा गोठ्यात नव्हे, तर दार लावता येईल अशा खोलीत जुने धोतर किंवा चादर अंथरून काम करावे. भाग धुण्यासाठी पेट्रोलऐवजी डिझेल वापरावे आणि ते काम तेवढे चुलीपासून दूर, मोकळ्या हवेत करावे. गोटी पान्यांचा संच, फिलर गेज (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्या), टॉर्क पाना (नट ठरावीक जोराने आवळण्याचा), मॅग्नेट काढण्याचा पुलर आणि व्हॉल्व्ह स्प्रिंग दाबण्याचे साधन एवढी अवजारे लागतात. त्यांपैकी पुलर आणि स्प्रिंग दाबण्याचे साधन मागून आणता येते, पण फिलर गेज स्वतःचे असावे.

निदानाची सुरुवात धुरापासून करावी. रात्रभर उभी राहिलेली गाडी सुरू करताच निळा धूर येऊन काही वेळात थांबत असेल, तर व्हॉल्व्हच्या दांडीवरील रबरी सील कडक झालेले असण्याची शक्यता अधिक असते. गाडी ओढताना सतत निळा धूर येत असेल, तर पिस्टनवरील रिंगा आणि बोअर, म्हणजे सिलिंडरचे आतले भोक, झिजलेले असतात. त्यानंतर प्लगच्या जागी कम्प्रेशन गेज लावून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून किक मारावी, आलेला आकडा लिहून ठेवावा, मग प्लगच्या छिद्रातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजावे. आकडा चांगलाच वाढला तर दोष रिंगांचा, जवळपास तेवढाच राहिला तर व्हॉल्व्हचा किंवा हेड गॅस्केटचा. आडव्या सिलिंडरमध्ये एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते: ऑइल खालच्या भिंतीवर साचून राहते आणि रिंगेच्या वरच्या बाजूपर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे दुसरे मोजमाप घेण्याआधी गेज काढून आठ-दहा किका हळूहळू माराव्यात. उभ्या सिलिंडरवर हात बसलेले मेकॅनिकसुद्धा येथे फसतात.

हेड उतरवण्यासाठी या गाडीचे इंजिन फ्रेममधून खाली घेण्याची गरज नाही. ऑइल काढून टाकावे, सायलेन्सर आणि कार्बोरेटर सोडवावेत, डाव्या बाजूचे मॅग्नेटचे झाकण उघडून इंजिन मॅग्नेटच्या नटाने फिरवावे आणि मॅग्नेटवरील ‘टी’ ही खूण स्थिर खुणेसमोर आणावी. या स्थितीत टायमिंग चक्रावरील (हेडमधील, टायमिंग चेनने फिरणाऱ्या चक्रावरील) ‘ओ’ ही खूण हेडच्या खाचेसमोर येते; आलेली नसेल तर इंजिन आणखी एक पूर्ण फेरा फिरवावे. चक्राचे बोल्ट सोडण्यापूर्वी चेनच्या पोकळीत स्वच्छ फडके कोंबावे आणि चेन तारेने बांधून ठेवावी. हेडच्या चार नटांखालचे वॉशर सारखे नसतात. जेथून ऑइल वर जाते त्या स्टडवर तांब्याचा वॉशर असतो आणि तो दुसऱ्या जागी गेला तर नव्या गॅस्केटसहही ऑइल झिरपत राहते. म्हणून प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो काढावा आणि नट पुठ्ठ्याच्या तुकड्यात त्याच क्रमाने टोचून ठेवावेत. पिस्टनच्या पिनेचे लॉक काढण्याआधीही क्रँककेसचे तोंड फडक्याने बंद करावे. मी एकदा ते विसरलो आणि उडालेले लॉक शोधण्यात एक सबंध दुपार घालवली.

पिस्टन निघाल्यावर कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टन आणि क्रँक यांना जोडणारा दांडा, दोन्ही हातांनी धरून त्याच्याच लांबीच्या दिशेने सरळ आत-बाहेर ओढून पाहावा. रॉड बाजूला थोडा सरकला तर चिंता नाही, पण आत-बाहेर किंचितही ‘खट’ जाणवली तर मोठ्या टोकाचे, म्हणजे क्रँककडील, बेअरिंग गेलेले असते. अशा वेळी वरचे काम करणे म्हणजे खर्च दुप्पट करणे होय, आणि क्रँक प्रेसवर नेण्याची तयारी ठेवावी. खट नसेल तर क्रँककेस उघडू नये. ‘एवढे उघडलेच आहे तर’ या विचाराने निरोगी क्रँक सोडवण्याला माझा ठाम विरोध आहे.

बोअर मोजण्यासाठी घरी महागडे गेज नसले तरी रिंग हेच गेज होऊ शकते. नवी, मूळ मापाची वरची रिंग ब्लॉकमध्ये घालून पिस्टनच्या डोक्याने ती सरळ ढकलावी आणि तिच्या दोन टोकांतील फट फिलर गेजने तीन ठिकाणी मोजावी: वरच्या, म्हणजे हेडकडील, कडेजवळ, मध्ये आणि अगदी खाली, म्हणजे क्रँककडे, जेथे रिंग सहसा पोहोचत नाही. फटीतील फरकाला 3.14 ने भागले की व्यासातील फरक मिळतो, वर 0.46 मिलिमीटर आणि खाली 0.15 मिलिमीटर फट आली, तर बोअर वरच्या बाजूस सुमारे 0.1 मिलिमीटर अधिक झिजलेला आहे. एवढ्या झिजेवर केवळ नव्या रिंगा बदलून भागत नाही. ब्लॉक लेथवर नेऊन बोअर करावा लागतो आणि पिस्टन 0.25, 0.50, 0.75 किंवा 1.00 मिलिमीटर मोठा घ्यावा लागतो.

या ठिकाणी क्रम चुकला तर सगळे चुकते. आधी पिस्टन विकत घ्यावा, तो ब्लॉकसोबत लेथवाल्याकडे न्यावा आणि त्या पिस्टनचे माप घेऊनच बोअर करायला सांगावे, कारण एकाच मापाच्या दोन पिस्टनांतही शतांश मिलिमीटरचा फरक असू शकतो. माझ्या पहिल्या गाडीचा ब्लॉक तालुक्याच्या गावी पिस्टन न पाहता, केवळ पन्नासच्या, म्हणजे 0.50 मिलिमीटर मोठ्या, मापाने बोअर करून मिळाला. गाडी घरी येताना पहिल्या दहा किलोमीटरांतच जाम झाली आणि नवा पिस्टन ओरखड्यांनी भरला. बोअर झाल्यावर हॉनिंग, म्हणजे भिंत दगडाने बारीक घासणे, झालेच पाहिजे. भिंतीवर तिरप्या जाळीसारख्या रेषा दिसल्या पाहिजेत, कारण त्या रेषांतच ऑइल टिकते आणि रिंगा बसतात. घरी आणलेला ब्लॉक डिझेलने नव्हे, तर गरम पाणी आणि कपड्यांच्या साबणाने ब्रश फिरवून धुवावा. हॉनिंगची कुरुंदाची पूड डिझेल-पेट्रोलने पूर्ण निघत नाही. पांढरे फडके आत फिरवल्यावर करडे होणे थांबेपर्यंत धुवावे आणि वाळताच लगेच ऑइल लावावे, अन्यथा तासाभरात गंज धरतो.

हेडचे काम तुलनेने सोपे आहे. व्हॉल्व्ह जागेवर ठेवून पोर्टमध्ये डिझेल ओतावे आणि थोड्या वेळाने दहन-कक्षाच्या बाजूने ओल दिसते का, हे पाहावे. झिरपत असेल तर ग्राइंडिंग पेस्ट लावून व्हॉल्व्ह घासावा. सीटवर सर्वत्र सारखा, सुमारे 1 मिलिमीटर रुंदीचा करडा पट्टा उमटला की थांबावे आणि पेस्टचा कणही राहणार नाही असे धुवावे. सील नवेच घालावेत.

उजव्या बाजूचे क्लचचे झाकण या निमित्ताने अवश्य उघडावे. या इंजिनात कागदी ऑइल फिल्टर नाही. क्रँकच्या टोकाशी फिरणारा एक रोटर ऑइलमधील घाण बाहेरच्या कडेला फेकून धरून ठेवतो. आपल्या पांदण रस्त्यांवर चाललेल्या गाडीत हा रोटर काळ्या, चिकट गाळाने अर्धा भरलेला सापडतो. तो आणि तळाची जाळी स्वच्छ केल्याशिवाय नवा पिस्टन बसवणे व्यर्थ आहे. झाकण लावताना सिलिकॉनचा जाड थर देऊ नये, कारण आत सुटलेले त्याचे तुकडे याच जाळीवर जाऊन बसतात.

जोडणीच्या वेळी रिंगांवरील खूण हेडच्या बाजूस ठेवावी, तिन्ही रिंगांची तोंडे 120 अंशांवर फिरवावीत आणि पिस्टनवरील ‘इन’ ही खूण कार्बोरेटरच्या, म्हणजे वरच्या बाजूस ठेवावी. पिनेची लॉके जुनी वापरू नयेत. टायमिंग चेन, तिचा रबरी रोलर आणि टेन्शनर झिजले असतील तर आताच बदलावेत. हेडचे नट तिरप्या क्रमाने, दोन-तीन फेऱ्यांत, मॅन्युअलमधील टॉर्कने आवळावेत. खुणा जुळवून चक्र लावल्यावर इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवावे आणि खुणा पुन्हा जुळतात का, हे तपासावे. कोठे अडकल्यासारखे वाटले तर जोर लावू नये. त्यानंतर थंड इंजिनवर, दोन्ही रॉकर सैल असताना टॅपेट (रॉकर आणि व्हॉल्व्ह यांमधील फट) 0.05 मिलिमीटरवर आणि प्लगची फट 0.6 ते 0.7 मिलिमीटरवर ठेवावी.

आता सुधारणांविषयी. मोठा पिस्टन घातल्याने ताकद वाढते, हा समज हिशेबावर टिकत नाही: 50 मिलिमीटरचा बोअर 51 केला तरी क्षमता 97.2 वरून सुमारे 101 सीसी होते. याहून मोठ्या ब्लॉकचे प्रयोग 45 अंशांच्या उन्हात, हवेवर थंड होणाऱ्या इंजिनावर करू नयेत. शिवाय मोटार वाहन कायदा, 1988 मधील कलम 52 नुसार नोंदणीतील मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल करता येत नाही आणि पंधरा वर्षांनंतरच्या फेरनोंदणीत तो अडचणीचा ठरतो. खरी सुधारणा एअर फिल्टरच्या डब्यात आहे. डब्याचे रबर भेगाळलेले असेल तर फिल्टर नवा असूनही धूळ बाजूने आत जाते आणि नवा बोअर दोन हंगामांत झिजवते. ते रबर आणि कार्बोरेटरचा जोड-पाइप बदलावा. पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असल्याने जुनी नळी आणि कार्बोरेटरमधील रबरी भाग इथेनॉल सोसणारे घ्यावेत. इथेनॉलमधील ऑक्सिजनमुळे मिश्रण किंचित पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते, म्हणून प्लग पांढरा पडू लागल्यास हवेचा स्क्रू पुन्हा जुळवावा. ओझे वाहणाऱ्यांनी पुढचे चौदा दातांचे चेन-चक्र तेराचे केले तर सात-आठ टक्के ओढ वाढते, मात्र वरचा वेग तेवढाच घटतो.

ऑइल भरल्यावर प्लग काढून वीस-तीस किका माराव्यात आणि टॅपेटचे झाकण उघडून ऑइल वर पोहोचले आहे, याची खात्री करावी. ऑइल जासो एमए दर्जाचे, म्हणजे ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणारे, दुचाकीचेच घ्यावे. मोटारगाडीच्या ऑइलने क्लच घसरू शकतो. पहिल्या दिवशी गाडी जागेवर तासभर चालू ठेवण्याची प्रथा चुकीची आहे, कारण त्याने इंजिन केवळ तापते आणि रिंगांवर बसण्यापुरता दाब येत नाही. पहिले 500 किलोमीटर ताशी 45 च्या आत, वेग कमी-जास्त करीत, दुसऱ्या माणसाशिवाय आणि ओझ्याशिवाय चालवावे. पहिल्या 100 किलोमीटरनंतर ऑइल पांढऱ्या ताटलीत काढून उन्हात पाहावे: बारीक चमक अपेक्षित आहे, नखाला लागतील असे कण नाहीत. 500 किलोमीटरला ऑइल पुन्हा बदलावे आणि त्याच दिवशी, इंजिन पूर्ण थंड असताना, टॅपेट परत एकदा मोजावेत.