परिपाठात हात मिळवायला लावले, तिसऱ्या दिवशी डोकं फुटलं

जिल्हा परिषद शाळेवर नवीन लागलेल्यांसाठी लिहितेय. डीएड, टीईटी, पवित्र पोर्टल सगळं पार करून आलात, त्यामुळे बालमानसशास्त्र सांगत बसत नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात आठवीपर्यंतच्या शाळेवर आहे मी, आणि नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका पोट्ट्याच्या डोक्याला पाच टाके पडले. माझ्या घाईमुळे पडले, अजूनही ते आठवलं की जेवण जात नाही.

झालं असं, आठवीतल्या एकाने दुसऱ्याचा फोटो काढला. दुसऱ्यांदा खिचडी घ्यायला ताट पुढे केलंय असा फोटो. मोबाईल मोठ्या भावाचा, दप्तरात लपवून आणलेला. त्याचं स्टिकर बनवून व्हॉट्सअॅपवर सोडलं. दुसऱ्या दिवशी हापशीजवळ दोघांची जुंपली. मी काय केलं, परिपाठाला दोघांना समोर उभं केलं, स्टिकरवाल्याला सॉरी म्हणायला लावलं, हात मिळवायला लावले, पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि मला वाटलं मिटलं. तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर एसटी थांब्यावर ज्याचा फोटो होता त्याचा मामेभाऊ बंडीची उभारी, म्हणजे बैलगाडीचा लाकडी दांडा, घेऊन उभा होता. स्टिकरवाल्याचं डोकं फुटलं.

संध्याकाळी मी ज्याचा फोटो होता त्या पोराच्या घरी गेले. माय वेचणीहून यायची होती, ओसरीत कापसाचा ढीग, हा त्याला टेकून बसलेला. बराच वेळ बोललाच नाही. मग म्हणे, "मॅडम, तुमी त्याले माफी मागाले लावली, पण फोटो तं अजून सगळ्याइच्या मोबाईलात हाये. आन् ज्याइले मालूम नोयतं त्याइलेबी परिपाठात मालूम झालं."

हे वाक्य परत वाचा. मी भांडण मिटवत होते, त्याची इज्जत चालली होती ते मला दिसलंच नाही. सगळ्यांसमोर माफी म्हणजे ज्याला लागलं त्याची जखम पुन्हा सगळ्यांना दाखवणं, आणि ज्याने केलं त्याचाही अपमान, म्हणजे दोघंही डूख धरून घरी जातात आणि पुढचं काम मोठे भाऊ, मामेभाऊ, पानठेल्यावरचे पोट्टे करतात. शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम १७ आपण छडीपुरतं लक्षात ठेवतो, पण त्यात मानसिक छळही आहे, आणि पोराला परिपाठात असं उभं करणं त्यापासून फार लांब नाही.

म्हणून आता एकदम समोरासमोर आणतच नाही. आधी एकेकट्याला बसवते, ऑफिसात नाही, कडुनिंबाखाली. काय झालं, तेव्हा मनात काय होतं, कोणाकोणाला लागलं, आता काय केलं तर तुला बरं वाटेल. एवढंच विचारते आणि गप्प बसते. गप्प बसणं फार जड जातं, आपल्याला उपदेशाची सवय. त्या पोराला काय हवं होतं माहिती आहे? सॉरी नको होतं. स्टिकर ज्याच्या ज्याच्या मोबाईलात आहे तिथून काढायचं होतं. दोन दिवस लागले, स्टिकर बनवणारा स्वतः घरोघर फिरला, मी सोबत होते.

घाबरू नका, रोज असं होत नाही. बहुतेक भांडणं चेंडूची, बेंचाची असतात, दुपारपर्यंत विसरतात. पण शाळा सुटल्यानंतरचा अर्धा तास सोडू नका, थांब्यापर्यंत पोरांसोबत चाला.

एका दिवसाच्या शांतता प्रशिक्षणावर माझा विश्वास नाही, स्पष्ट सांगते. पीपीटी, चहा, फोटो, संपलं. "दोन फटके द्या, सुधारतात" सांगणारे सिनियर भेटतील, त्यांना नमस्कार करा आणि ऐकू नका. त्यापेक्षा खिचडी शिजवणाऱ्या ताईंजवळ बसा, कोण कोणापासून लांब जेवतो हे त्यांना आपल्या आधी कळतं. १९३७ च्या वर्ध्याच्या शिक्षण परिषदेतून गांधीजींची नई तालीम, म्हणजे हाताच्या कामातून शिक्षण, पुढे आली, हे डीएडला मी मार्कांसाठी पाठ केलं होतं. हाताच्या कामाचा अर्थ मला कळला तो परसबागेत. त्या दोघांना वांग्याच्या वाफ्याला पाणी द्यायचं काम दिलं, एक बादली दोघांनी धरायची. पंधरा दिवस मुके. मग एकदा बादली सांडली आणि दोघं हसले.

एक गोष्ट मात्र कडुनिंबाखाली कधीच मिटवायची नाही. प्रकरण लैंगिक छळाचं असेल तर गावातले म्हणतील मॅडम, बदनामी होईल, बसून मिटवू. बसू नका. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, त्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. मुख्याध्यापक टाळत असतील तरी कळवा, १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन करा. एकटं वाटेल तेव्हा, पण कायदा तुमच्या बाजूने आहे.

आणि मोबाईल सापडला तर जप्त करून लगेच कपाटात टाकू नका. फोटो कोणाकोणाला पाठवला ती नावं आधी त्या पोराकडूनच शांतपणे लिहून घ्या, मग पालकांना बोलवा. पालक आले की पोराला पहिली थप्पड बसते आणि मग तो तोंड उघडत नाही.