पायाकडच्या धमनीत स्टेंट: दुखणं ओळखण्यापासून गोळ्यांपर्यंत या चुका टाळा

चैत्रात वणीच्या गडावर पायी जाणारा माणूस एखाद्या वर्षी म्हणतो, आता चालवत नाही, पाय भरी येतस. घरचे वयावर ढकलतात, शेजारी सायटिका ठरवतात. मग मालिश, कंबरेचा पट्टा आणि मेडिकलवरून आणलेल्या पेनकिलर यांत महिने जातात. माझ्या मते खान्देशात सर्वांत महाग पडणारी चूक हीच.

बेंबीच्या आसपास महाधमनीचे दोन फाटे होतात. त्या इलियाक धमन्या, दोन्ही पायांकडे रक्त नेणाऱ्या. तंबाखू-बिडी, मधुमेह, रक्तदाब, वाढलेलं कोलेस्टेरॉल यांमुळे त्या आतून अरुंद झाल्या की चालताना कुल्ला, मांडी, पोटरी दुखते. साधारण तेवढंच अंतर चाललं की दुखणं सुरू होतं आणि नुसतं उभं राहिलं तरी काही मिनिटांत थांबतं. मणक्यात नस दबली असेल तर बहुधा बसावं किंवा पुढे वाकावं लागतं, तेव्हा आराम पडतो. पुरुषांमध्ये लिंगाला ताठरता न येण्यामागेही हीच धमनी असू शकते. लाजेपोटी हे लपवू नका, निदानाला त्याची फार मदत होते.

डॉक्टरांनी जांघेतली नाडी हाताने पाहायलाच हवी. घोट्याचा रक्तदाब दंडाच्या तुलनेत ०.९ पट किंवा त्याहून कमी असेल तर वाटेत अडथळा आहे असं धरतात. मधुमेह्यांच्या धमन्या बऱ्याचदा चुन्याने, म्हणजे आत साचलेल्या कॅल्शियमने, कडक झालेल्या असतात, त्यामुळे हा आकडा खोटा चांगला येऊ शकतो. त्रास असेल तर त्या आकड्यावर समाधान मानू नका, डॉपलर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करून घ्या.

स्टेंट, म्हणजे धमनी आतून उघडी धरणारी जाळीची नळी, सुचवला की ‘हृदयात टाकतात तोच ना?’ असं विचारलं जातं. तो नाही. हृदयाच्या धमन्या तीन-चार मिलिमीटरच्या, तर इलियाक सात ते दहाच्या घरात. अमेरिकेत १९९१ साली इलियाकसाठी मान्यता मिळालेला पाल्माझ स्टेंट फुग्यावर बसवलेला, फुगा फुगवून उघडायचा होता. धमनीच्या तोंडाशी, चुना साचलेल्या जागी असा स्टेंट आजही कामाचा: हवा तिथे नेमका बसतो आणि कडक अडथळा जोराने उघडून धरतो. पण बाहेरून दाब येऊन चेपला तर आपोआप पुन्हा उघडत नाही. म्हणून जांघेजवळच्या वाकणाऱ्या भागात सहसा स्वतःहून उघडणारा स्टेंट घेतात. ‘महागातला टाका’ म्हणण्यापेक्षा अडथळा नेमका कुठे आहे आणि तिथे हाच प्रकार का, हे विचारा. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेची माहिती देणाऱ्या माणसाला) आधीच विचारून ठेवा.

बहुधा जांघेत टोचून, बारीक नळीतून फुगा धमनीत नेतात. तो फुगवताना रुग्ण बहुतेक वेळा जागा असतो. आपली माणसं सोसणारी, दात-ओठ खाऊन गप्प राहतात. तसं करू नका! थोडं दुखणं अपेक्षित असतं, पण ती वेदना धमनी ताणली जात असल्याची खूण आहे. फार ताणली तर ती फाटू शकते. दुखलं की लगेच बोला.

धमन्या एक्स-रेवर दिसाव्यात म्हणून टोचलेला डाय (रंगद्रव्य) किडनीवर ताण आणू शकतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळच्या उन्हातून उपाशी, तहानलेलं पोहोचणं त्यात भर घालतं. क्रिएटिनिनचा (किडनीच्या तपासणीचा) रिपोर्ट सोबत न्या, मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी घेत असाल तर सांगा आणि पाणी कधीपर्यंत प्यायचं ते विचारून घ्या.

घरी आल्यावर बरं वाटतं, आणि तिथेच गोळ्या सुटतात. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल स्टेंटमध्ये गुठळी होऊ नये म्हणून असतात. ॲसिडिटी झाली किंवा दात काढायचा आहे म्हणून परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना फोन करा. तंबाखू मात्र बंदच, मशेरीसुद्धा. काही महिन्यांनी चालताना पुन्हा तसंच दुखू लागलं तर पट्टा-मालिशकडे न वळता डॉपलर करा, स्टेंट आतून पुन्हा अरुंद झालेला असू शकतो.

जांघेत टोचल्या जागी रक्त आलं तर आडवं होऊन हाताने घट्ट दाबून धरा. रक्त थांबत नसेल, जांघ फुगत असेल, किंवा पोटात-कंबरेत दुखून घाम आणि चक्कर येत असेल तर रक्तस्राव आतही होत असू शकतो. पाय अचानक गार, पांढरा, बधिर पडला तर हातात काही तासच असतात. शेकू नका, चोळू नका, सकाळच्या बसची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा आणि स्टेंट टाकल्याचं पहिल्याच वाक्यात सांगा.