येऊरचा कुडा ओळखायचा कसा? शेंगांची टोकं बघा

मे महिन्यात ठाण्याजवळच्या येऊरच्या रस्त्याला पांढऱ्या फुलांनी भरलेलं झुडूप दिसलं, की बरोबरचं कोणीतरी "कुडा!" म्हणतंच. पण पांढरा की काळा? दोघांची फुलं पांढरीच.

सुरुवात पानांपासून करा. कुड्याची पानं फांदीवर समोरासमोर, जोडीने येतात. एकाआड एक असतील तर पुढे चला, तो कुडा नव्हे. पांढऱ्या कुड्याचं पान रुंद, चांगलं वीतभर वाढणारं, देठ अगदी आखूड, शिरा ठळक. काळ्याचं त्या मानाने लहान आणि निमुळतं.

पान तोडून चीक बघायचा सल्ला बरेच जण देतात. त्याचा फारसा उपयोग नाही. चीक रुईला येतो, सातविणीला येतो आणि दोन्ही कुड्यांनाही येतो. शिवाय येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मोडतं, तिथे पान काय, काडीही तोडायची नाही.

आता फूल. पाच पाकळ्यांच्या मधोमध, घशाशी नीट पाहा. मोबाइलवर फोटो काढून मोठा केला तरी चालेल. तिथे बारीक तंतूंची झालर असेल तर तो काळा कुडा. घसा साधा असेल तर पांढरा.

सगळ्यात भरवशाची खूण शेंगांची. दोघांच्याही शेंगा चवळीसारख्या लांब, बारीक, जोडीने लोंबणाऱ्या. पांढऱ्याच्या जोडीतल्या दोन्ही शेंगा टोकाशी सुट्या असतात. काळ्याच्या कोवळ्या शेंगांची टोकं एकमेकींना चिकटलेली असतात, पिकल्यावर मात्र तीही सुटतात. म्हणून हिरव्या शेंगाच बघा. वाळून उकललेल्या शेंगांवरून निकाल देऊ नका. दोन्ही शेंगा टोकापर्यंत एकजीव आणि पानं मखमली लागली, तर तो तिसराच, तांबडा कुडा.

झाडाच्या उंचीवर जाऊ नका. तोड आणि वणवे सोसलेल्या उतारावर कुडा कमरेएवढाच राहतो, मोकळीक मिळाली तर छोटा वृक्ष होतो.

एवढी चिकित्सा कशाला? कुटजारिष्ट या आयुर्वेदिक औषधात पडते ती पांढऱ्याची साल. त्याच्या बिया म्हणजे कडू इंद्रजव, काळ्याच्या गोडे इंद्रजव. ओळख पटली तरी साल-बिया घरच्या घरी औषध म्हणून घेऊ नका, ते काम वैद्यांचं. कुड्याच्या शेंगांची भाजी खायची असेल, तर पावसाळ्यात रानभाज्या विकणाऱ्या मावशींकडून घ्या आणि कडूपणा कसा काढायचा तेही त्यांनाच विचारा.