जुन्या विणकाम मशीनचा पॅटर्न कसा वाचायचा

ब्रदर किंवा निटमास्टर या विणकाम मशीनच्या जुन्या पॅटर्नमध्ये, म्हणजे विणायच्या लेखी सूचनांमध्ये, मापं '३२ (३४, ३६, ३८)' अशी देतात. ३६ विणायचं असेल, तर पुढे सगळीकडे कंसातला दुसरा आकडा तुमचा. तो पेन्सिलीने शेवटपर्यंत गोल करून ठेवा.

'आरसी ०००, सीओआर, एमटी ७' म्हणजे रो काउंटर (ओळी मोजणारा आकडा) शून्यावर, कॅरेज (सुयांवरून सरकवायचा, धागा नेणारा भाग) उजवीकडे, मुख्य टेन्शन (टाके किती घट्ट-सैल ते ठरवणारा आकडा) ७. 'सीओएल' म्हणजे कॅरेज डावीकडे, 'डब्ल्यूवाय' म्हणजे नंतर उसवायचा टाकाऊ धागा. प्रत्येक सूचनेआधी काउंटर आणि कॅरेजची बाजू ताडून पाहा. सुरुवात उजवीकडून ००० वर झाली असेल, तर सम आकड्याला कॅरेज उजवीकडेच हवी. काउंटरवर ४७ आणि कॅरेज उजवीकडे, म्हणजे एक ओळ मोजायची राहिली किंवा जास्त मोजली गेली. तिथेच थांबा आणि ओळी मोजा. 'पुढच्या २ ओळींच्या सुरुवातीला ८ टाके बंद करा' याचा अर्थ कॅरेजच्या बाजूचे ८ बंद, एक ओळ विणा, मग दुसऱ्या बाजूचे ८. धागा कॅरेजपाशी असतो, म्हणून दोन्हीकडचे एकदम बंद करता येत नाहीत.

सर्वांत जास्त घोटाळा सुयांच्या जागा दाखवणाऱ्या अक्षरांत होतो. ब्रदरवर ए, बी, डी, ई. निटमास्टरवर ए, बी, सी, डी. ए म्हणजे सुई बंद, बी म्हणजे चालू, हे दोन्हीकडे सारखं. पण निटमास्टरचं 'डी' म्हणजे टाके रोखून धरणं (सुईवर न विणता तसेच ठेवणं), आणि ब्रदरवर डीमधल्या सुया पुढच्या फेरीत सरळ विणल्या जातात. गळ्याचे अर्धे टाके रोखायचे असतील, तर ब्रदरवर सुया ईला सरकवा आणि कॅरेजची कळ 'एच'वर ठेवा. उतार देताना कॅरेजच्या विरुद्ध बाजूच्या सुया रोखा आणि धागा शेवटच्या रोखलेल्या सुईखालून घ्या. नाहीतर तिथे भोक पडतं.

नक्षीची छिद्रं पाडलेली कार्डं एका मशीनची दुसऱ्यावर वापरताना जपून. वाचली जाणारी ओळ समोर दिसत नाही: ब्रदरमध्ये ती दिसणाऱ्या ओळीच्या ७ ओळी खाली असते, निटमास्टरमध्ये ५. सलग नक्षीत फरक कळत नाही, पण एकच मोठं फूल असेल तर ते २ ओळी सरकतं. लेसची कार्डं तर अदलाबदल करूच नका.

पॅटर्नमधलं टेन्शन हा फक्त अंदाज असतो. आधी नमुन्याचा तुकडा विणून पाहा: ६० टाके घाला, मधल्या ४० टाक्यांच्या दोन्ही बाजूंना वेगळ्या रंगाची खूण करा, ६० ओळी विणा. ४० टाके १३.३ सेंमी आणि ६० ओळी १५ सेंमी भरल्या, तर १० सेंमीत ३० टाके, ४० ओळी. लोकरीऐवजी सुती धागा घेतला, तर तो फारसा ताणला जात नाही, म्हणून धाग्याला मेण लावा, आणि तुकडा धुऊन पूर्ण वाळल्यावरच मोजा. पावसाळ्यात दमट राहिलेला तुकडा चुकीचं माप देतो.

सूचना बरोबर पाळूनही टाके गळत असतील, तर सुया दाबून धरणाऱ्या पट्टीतला स्पंज पाहा. जुना स्पंज चपटा होतो, सुया वर उचलल्या जातात. पट्टी बाजूने सरकवून काढता येते. स्पंज बदला, आणि सुयांवर गंज दिसला तर त्या सुयाही.