कापूस काट्यावर चढवताना या चुका टाळा

खेडा खरेदीत, म्हणजे व्यापारी गावात येऊन कापूस घेतो तेव्हा, दहा रुपयांच्या भावासाठी आपण तासभर अडून बसतो आणि वजनाच्या वेळी मात्र काट्याकडे पाठ करून उभे राहतो.

सगळ्यात जास्त फसगत गाठोड्याच्या टोकानं होते. काट्याचा पाटा लहान, गाठोडं मोठं. कापडाची गाठ जमिनीला किंवा भिंतीला टेकली की तेवढा भार लोडसेलवर, म्हणजे काट्यातल्या वजन मोजणाऱ्या भागावर, येतच नाही, आकडा कमी दिसतो. पाट्याखाली खडा अडकला तरी हेच होतं. गाठोडं चढवलं की चारही बाजूंनी खालून हात फिरवून पाहा. वारा असेल तर काटा आडोशाला घ्या. दर पाच-सहा गाठोड्यांनंतर रिकाम्या काट्यावर शून्य येतं का तेही बघा.

काट्याच्या पट्टीवर ‘ई’ अक्षरापुढे 50 ग्रॅम किंवा तसाच आकडा असतो. ती पायरी, त्याहून बारीक वजन तो काटा दाखवत नाही. शिक्का असलेलं 20 किलोचं माप आधी मधोमध, मग चारही कोपऱ्यांवर ठेवा. एका पायरीचा फरक चालतो. त्याहून जास्त आला तर त्या काट्यावर माल देऊ नका, आणि वैधमापनशास्त्र विभागाचं चालू वर्षाचं पडताळणी प्रमाणपत्र मागा.

माप नसलं की काही जण युरियाची गोणी 50 किलो धरून काटा तपासतात आणि चांगल्या काट्यालाच खोटं ठरवतात. 2018 पासून युरियाची गोणी 45 किलोची आहे.

43.850 आलं तर वहीत 43.850 च लिहायला लावा. वरचे ग्रॅम सोडले तर गाठोड्यामागे सरासरी अर्धा किलो जातो. वीस गाठोड्यांचे दहा किलो झाले, क्विंटलला 7000 च्या भावानं 700 रुपये. बारदान्याचंही तसंच: अंदाजानं किलो कापू देऊ नका, रिकामं चुंगडं काट्यावर ठेवून मोजा.

धरमकाट्याची, म्हणजे अख्खी गाडी मोजणाऱ्या काट्याची, पायरी बहुधा 10 किलोची. भरलेली आणि रिकामी गाडी, दोन्ही वजनांत मिळून नुसत्या पायरीमुळेच 10 किलोपर्यंत फरक पडू शकतो. वीस क्विंटलला तो अर्धा टक्का, दोन क्विंटलला पाच टक्के. म्हणून थोडा माल तिथं मोजू नका. आणि भरलेल्या वजनाला ड्रायव्हर खाली, रिकाम्याला वर बसलेला असेल तर त्याचे साठ-सत्तर किलो थेट तुमच्या कापसातून वजा होतात.